बगझिला नेटवर आणताना उघडी राहिलेली फाईल: अंबडमधल्या एका कंपनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका शेडच्या वरच्या मजल्यावर चालणारी छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. नाव देत नाही, आणि ओळखू येतील असे एकदोन तपशील बदललेत. ही मंडळी द्राक्षांच्या पॅकहाऊससाठी सॉफ्टवेअर बनवतात, म्हणजे बागेतून क्रेट आले की वजन, प्रतवारी, पेटीवरचं लेबल, कुठल्या प्लॉटचा माल कुठल्या कंटेनरमधे गेला त्याचा हिशोब आणि शेवटी शेतकऱ्याचं पेमेंट. गिऱ्हाईक सगळं दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातलं. एक्स्पोर्टच्या द्राक्षाची पेटी थेट प्लॉटपर्यंत मागे शोधता आली पाहिजे, त्यासाठी अपेडाची (केंद्र सरकारची शेतमाल निर्यात संस्था) ग्रेपनेट ही नोंदप्रणाली आहेच, त्यामुळे लेबलवर एक आकडा चुकला तरी पॅकहाऊसवाला रात्री अकराला फोन करतो. जानेवारी ते एप्रिल हा त्यांचा खरा सीझन, बाकी वर्षभर त्याचीच तयारी.

बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, नोंदवायला ते बरीच वर्षं बगझिला वापरतात. मोझिलावाल्यांचं, पर्लमधे लिहिलेलं, १९९८ पासूनचं सॉफ्टवेअर, दिसायला जुनाट पण काम चोख. आधी ते ऑफिसातल्याच एका जुन्या टॉवर मशीनवर अपाचे सर्व्हरखाली चालायचं, फक्त आतल्या नेटवर्कवर. बाहेरून काहीच दिसत नव्हतं त्यामुळे सुरक्षा वगैरे विषय कधी निघालाच नाही, आणि खरं तर तेव्हा गरजही नव्हती.

मग पॅकहाऊसचे मॅनेजर म्हणायला लागले की व्हॉट्सॲपवर फोटो टाकून टाकून कंटाळलो, आम्हालाच ते बगचं लॉगिन द्या ना. मागणी रास्त होती. कंपनीतल्या एका डेव्हलपरने एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेतला, डेबियन लिनक्स टाकलं, आणि अपाचेऐवजी एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर बसवला कारण बाकी सगळे प्रोजेक्ट एन्जिनएक्सवरच होते. बगझिला हे सीजीआय आहे, म्हणजे प्रत्येक पानासाठी वेब सर्व्हरला एक प्रोग्राम चालवावा लागतो, आणि एन्जिनएक्सला सीजीआय स्वतःहून चालवता येत नाही, म्हणून मधे एफसीजीआयरॅप हा जोडणारा प्रोग्राम लावला. जुन्या मशीनवरचं फोल्डर जसंच्या तसं उचललं, डेटाबेसचा डंप चढवला, लेट्स एनक्रिप्टचं मोफत एचटीटीपीएस सर्टिफिकेट घेतलं, लॉगिन पान उघडलं, ब्राउझरमधे कुलूप दिसलं, सगळे खूश.

प्रश्न काय निघाला

पुढच्या फेब्रुवारीत, म्हणजे ऐन सीझनमधे, त्यांच्या सगळ्यात मोठ्या एक्स्पोर्टर गिऱ्हाइकाने आपल्या सगळ्या पुरवठादारांच्या सर्व्हरचं ऑडिट करून घेतलं. ऑडिटवाल्यांची मेल आली, दोन ओळींची. बगझिलाच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन लोकलकॉन्फिग असं टाईप करा आणि काय होतं ते बघा.

मालकांनी (सगळे त्यांना भाऊ म्हणतात) मोबाईलवर करून बघितलं तर फाईल सरळ डाउनलोड झाली. कुठलं लॉगिन नाही, काही नाही. टेक्स्ट म्हणून उघडली तर आत प्रत्येक सेटिंगच्या वर ते कशासाठी आहे याचं व्यवस्थित स्पष्टीकरण आणि त्याखाली डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड, सगळं साध्या अक्षरात. शिवाय साईटची गुप्त की, जिच्यावर बगझिला आपले टोकन (विनंती खरी आहे याची खूण) बनवतं आणि तपासतं. मला फोन आला तो इथे. मी नाशकातच फ्रीलान्स सर्व्हरची कामं करतो, या कंपनीशी आधी संबंध नव्हता.

हे झालं कसं ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे.

बगझिला आपल्याच फोल्डरमधे बसतं. चालवायच्या सीजीआय फाईली, पासवर्डची लोकलकॉन्फिग, टेम्प्लेट, लायब्ररी, डेटा फोल्डर, सगळं एकाच झाडाखाली आणि ते सगळं झाड वेब सर्व्हरच्या हातात. मग पासवर्डची फाईल जगाला दिसू नये याची काळजी कोण घेतं, तर इन्स्टॉल करताना चालणारी चेकसेटअप नावाची स्क्रिप्ट जागोजागी डॉट-एचटीॲक्सेस फाईली टाकते. मूळ फोल्डरमधे एक, डेटामधे एक, टेम्प्लेटमधे एक, असं. त्यात लिहिलेलं असतं की ही फाईल देऊ नको, हे फोल्डर दाखवू नको. म्हणजे प्रत्येक खोलीच्या दारावर प्रवेश बंदची चिठ्ठी लावलेली, आणि नवीन वॉचमनला ती भाषाच वाचता येत नाही. कारण डॉट-एचटीॲक्सेस ही अपाचेची पद्धत आहे. एन्जिनएक्स त्या फाईली बघतच नाही, कुठलीही सेटिंग केली तरी नाही. तो एवढंच बघत होता की नावाच्या शेवटी डॉट सीजीआय असेल तर एफसीजीआयरॅपकडे पाठव, नाहीतर फाईल आहे तशी देऊन टाक.

बरं, फाईलची परवानगी तरी आडवी यायला हवी होती ना? नाही आली. चेकसेटअप ती फाईल रूट आणि वेब सर्व्हरचा ग्रुप एवढ्यांनाच वाचता येईल अशी ठेवते, पण एन्जिनएक्स आणि एफसीजीआयरॅप दोन्ही एकाच युजरखाली चालत होते. बगझिलाला वाचता आलीच पाहिजे म्हटल्यावर एन्जिनएक्सलाही आली.

यात मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. नवीन सर्व्हरवर गेल्यावर पहिल्याच दिवशी त्यांची बिल्डची स्क्रिप्ट बंद पडली होती. ती बगझिलाच्या रेस्ट एपीआयला (प्रोग्रामनी बगझिलाशी बोलायची सोय) स्लॅश रेस्ट या पत्त्यावर हाक मारायची आणि आता ४०४ (पत्ता सापडत नाही) येत होता. डेव्हलपरने तासभर शोधून पत्त्यात रेस्टच्या पुढे डॉट सीजीआय लावलं, चाललं, विषय संपला. पण ते बंद का पडलं? कारण स्लॅश रेस्टला रेस्ट-डॉट-सीजीआयकडे वळवणारा नियम त्याच मूळ फोल्डरच्या डॉट-एचटीॲक्सेसमधे असतो, ज्या फाईलमधे लोकलकॉन्फिग बंद ठेवायचा नियम आहे. एक नियम मेला म्हणून ओरड झाली, त्याच्या शेजारचा नियम मेला त्याची ओरड करायला कोणी नव्हतं.

आणखी दोन भोकं

फोनवर बोलता बोलताच मी पत्ता टाकून बघत होतो. डेटा फोल्डरमधली पॅराम्स नावाची जेसन फाईल पण उघडत होती, तिच्यात मेल पाठवायच्या अकाउंटचा पासवर्ड. डेटाबेस बाहेरून उघडा नव्हता, मारियाडीबी डेबियनवर मुळातच १२७.०.०.१ वर बसतं म्हणून ३३०६ पोर्ट बाहेर दिसत नव्हता, आणि भाऊंचा पहिला प्रश्न हाच की मग पासवर्ड कळूनही काय करणार कोणी? तेवढ्यात टीम लीड मॅडम मागून म्हणाल्या, "भाऊ, ॲडमिनर आहे ना त्याच सर्व्हरवर." होतंच. डेटाबेस ब्राउझरमधून बघायची एकच पीएचपी फाईल, स्थलांतराच्या वेळी टाकलेली, काढायची राहिलेली. म्हणजे बंद पोर्टला वळसा घालून समोरचं दार.

दुसरं भोक ऑडिटच्या मेलमधे नव्हतंच, आणि माझ्या मते तेच जास्त गंभीर. बगझिलात सुरुवातीला लॉगिन सक्तीचं नसतं. ते मुळात ओपन सोर्स प्रकल्पांसाठी बनलंय, तिथे बग सगळ्या जगाला दिसावेत हीच अपेक्षा. एखादा बग कुठल्या ग्रुपपुरता मर्यादित केला नसेल तर तो कोणीही वाचू शकतो. आणि नवीन खातं कोण उघडू शकतं हे ठरवणारं सेटिंगही सुरुवातीला कुठलाही ईमेल चालेल असंच असतं. ऑफिसच्या नेटवर्कवर याने काही बिघडत नव्हतं. नेटवर आल्यावर मात्र मी लॉगिन न करता एक बग उघडला, विषय होता 'पेमेंट शीटमधे नावं मागेपुढे होतात', आणि जोडलेला स्क्रीनशॉट निफाडकडच्या शेतकऱ्यांच्या यादीचा, नाव, प्लॉट नंबर, रक्कम आणि बँक खातं. टेस्टरने चूक दाखवायला लाल गोल केला होता, नेमका खाते नंबरवर.

पहिले काही तास

इथे पहिला निर्णय. मॅडमचं म्हणणं, आत्ताच्या आत्ता सर्व्हर बंद करा. भाऊ म्हणाले सीझन आहे, उद्या पहाटे तीन पॅकहाऊसमधे पॅकिंग चालू होणार, बग कुठे टाकतील लोक? दोन्ही बरोबर होतं. मी म्हटलं बंदच करायचं, पण त्याआधी व्हीपीएसवाल्याच्या पॅनेलमधून अख्ख्या डिस्कचा स्नॅपशॉट घ्यायचा आणि लॉग (सर्व्हरकडे कोणी काय मागितलं त्याच्या नोंदी) दुसरीकडे कॉपी करायचे. घाईघाईत आधी साफसफाई केली की काय झालं होतं ते कायमचं कळेनासं होतं. मग एन्जिनएक्स बंद. बगसाठी तात्पुरता व्हॉट्सॲप ग्रुप, म्हणजे जिथून निघाले होते तिथेच परत, पण चार दिवस चालतं.

लॉगमधे लोकलकॉन्फिगची मागणी आणि २०० (फाईल दिली) उत्तर अशा ओळी शोधल्या. ऑडिटवाल्यांचे आयपी सापडले, आणि त्याशिवाय एक अनोळखी आयपी, त्यालाही पूर्ण फाईल मिळालेली. तो कोण, स्कॅन करत फिरणारा बॉट की आणखी कोणी, सांगता येत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे लॉग होते फक्त १४ दिवसांचे, डेबियनवर एन्जिनएक्सचे लॉग रोज फिरतात आणि १४ ठेवून बाकी उडतात, कोणी बदललं नसेल तर. सर्व्हर नेटवर येऊन कितीतरी महिने झालेले. तेव्हा 'कोणी घेतली का' हा प्रश्नच सोडून दिला आणि घेतली असंच धरून पुढे जायचं ठरवलं.

'आमचा पत्ता कोणाला माहीत होता' हा युक्तिवाद पण झाला. सर्टिफिकेट निघालं की त्यातलं नाव सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या सार्वजनिक नोंदीत जातं आणि त्या नोंदींवर डोळा ठेवून बसलेले बॉट लगेच येऊन दार वाजवतात. बग अशा नावाचा सबडोमेन म्हणजे तर आमंत्रणच.

दुसरा निर्णय सर्ट-इनला, म्हणजे सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेला, कळवायचं का. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशानुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं, आणि कंपन्यांनी लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. इथे १४ दिवस. भाऊंना भीती होती की कळवलं की बोंब होईल. मॅडम शांतपणे म्हणाल्या की बोंब तर ऑडिटवाल्यांनी आधीच केलीय, आता आपण लपवलं एवढंच त्यात वाढेल. कळवलं, आणि ज्या पॅकहाऊसच्या याद्या बगमधे होत्या त्यांच्या मालकांना भाऊंनी स्वतः फोन केले. ते फोन सोपे नव्हते, पण एकही गिऱ्हाईक तेवढ्यावरून सुटलं नाही.

पर्याय काय होते

बगझिला सोडून एखादी महिन्याच्या पैशावरची क्लाऊड सेवा घ्यायची, हा पर्याय भाऊंनीच मांडला आणि युजरमागे पैसे म्हटल्यावर त्यांनीच मागे घेतला. पॅकहाऊसचे लोक सीझनपुरते येतात जातात, शिवाय इतक्या वर्षांचे बग आणि त्यांचे नंबर गिऱ्हाइकांच्या तोंडी बसलेले.

व्हीपीएन (आतल्या नेटवर्कमधे शिरायचा खाजगी बोगदा) लावायचं, म्हणजे बगझिला नेटवर दिसणारच नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे सगळ्यात भारी आणि फक्त आतले लोक असते तर मी दुसरं काही सुचवलंच नसतं. पण पॅकहाऊसचा मॅनेजर एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात काट्याची पावती घेऊन उभा असतो, त्याच्याकडून व्हीपीएन चालू करून घेणं होणार नाही. ठराविक आयपीलाच प्रवेश हेही त्याच कारणाने बाद, मोबाईल डेटाचा आयपी रोज वेगळा.

मग उरला खरा वाद, वेब सर्व्हर कुठला आणि नियम कुठे ठेवायचे. डेव्हलपरचं म्हणणं होतं एन्जिनएक्सच ठेवू आणि लोकलकॉन्फिग, डेटा, टेम्प्लेट बंद करणाऱ्या चार ओळी टाकू, पाच मिनिटांचं काम. काम खरंच पाच मिनिटांचं होतं. पण बंद करायच्या गोष्टींची यादी आपण हाताने बनवायची म्हणजे जे यादीत नाही ते उघडं. उद्या कोणी व्हिममधे लोकलकॉन्फिग उघडली आणि नावाला ~ अशी शेपटी लागलेली बॅकअप कॉपी तिथे पडली, किंवा नवीन आवृत्तीत एखादं फोल्डर वाढलं, की परत तेच. बगझिलाचा स्वतःचा नियम लोकलकॉन्फिगने सुरू होणारं काहीही बंद ठेवतो, तो उगाच नाही.

दुसरा मार्ग, परत अपाचेवर जायचं आणि बगझिलाच्या कागदपत्रात सांगितलंय तसं अलाऊओव्हरराइड हे अपाचेचं सेटिंग चालू करून त्या डॉट-एचटीॲक्सेसच्या चिठ्ठ्या जिवंत करायच्या. हा अधिकृत रस्ता आहे आणि अपग्रेडबरोबर नियमही आपोआप येतात, हा मोठा फायदा. पण एक मेख आहे, अपाचे २.४ मधे अलाऊओव्हरराइड मुळात बंद असतं, म्हणजे ती एक ओळ कोणी विसरलं किंवा कॉन्फिग साफ करताना काढली तर अपाचेवरही हेच भोक, आणि पान मात्र नीट दिसत राहणार.

तिसरा, जो आम्ही घेतला, अपाचेच पण उलट्या पद्धतीने. चिठ्ठ्यांवर अवलंबून राहायचं नाही, सर्व्हरच्या मुख्य कॉन्फिगमधे आधी सगळं फोल्डर बंद करायचं आणि मग जे लागतं तेवढंच नाव घेऊन उघडायचं. यात काही उघडायचं राहिलं तर पान मोडतं आणि कोणीतरी लगेच फोन करतं. मला असा फोन आलेला चालतो. डेव्हलपरने विचारलं की एन्जिनएक्समधेही असं करता येईल की, आणि ते अगदी खरं आहे. अपाचे निवडलं ते एफसीजीआयरॅप हा मधला तुकडा गळावा म्हणून आणि बगझिलाची कागदपत्रं, तपासणी स्क्रिप्ट सगळं अपाचे धरून लिहिलंय म्हणून, एन्जिनएक्स वाईट म्हणून नाही.

काय केलं

जुना सर्व्हर दुरुस्त केला नाही. नवीन व्हीपीएस, नवीन डेबियन, आणि जुन्यावरून फक्त डेटाबेस आणि डेटा फोल्डरमधलं आवश्यक तेवढं आणलं. ॲडमिनर आलं नाही हे सांगायला नको.

कॉन्फिगमधे बगझिलाचं अख्खं फोल्डर सगळ्यांना नकार, डॉट-एचटीॲक्सेस वाचणं बंद, फोल्डरची यादी दाखवणं बंद. मग मूळ फोल्डरमधल्या डॉट सीजीआय फाईली उघडल्या, जावास्क्रिप्टचं, स्किनचं आणि चित्रांचं फोल्डर उघडलं, रोबोट्सची टेक्स्ट फाईल, आणि एक्स्टेन्शनच्या आतलं वेब नावाचं फोल्डर. टेस्ट सर्व्हरवर एवढ्याने पान उघडलं पण एकदम नागडं, नुसती निळी लिंक आणि पांढरा कागद. बगझिला ५ पासून सगळ्या स्टाईल एकत्र करून डेटा फोल्डरमधल्या ॲसेट्समधे ठेवतं, म्हणजे जे फोल्डर सगळ्यात घट्ट बंद करायचं त्याच्याच पोटात एक उघडी खोली लागते. तेवढंच नाव घेऊन उघडलं. स्लॅश रेस्टचा वळणाचा नियम पण मुख्य कॉन्फिगमधे आणला, बिल्ड स्क्रिप्ट परत मूळ पत्त्यावर. ती स्क्रिप्ट एपीआय की पत्त्यातच जोडून पाठवत होती, म्हणजे लॉगमधे की लिहिली जात होती, त्यामुळे जुने लॉग जिथे कॉपी केले तिथे कोण पोचू शकतं तेही बघावं लागलं.

पासवर्ड वगैरे बदलण्याचं काम कंटाळवाणं पण खरं महत्त्वाचं. डेटाबेसचा पासवर्ड, मेलचा पासवर्ड नवीन. लोकलकॉन्फिगमधली गुप्त कीची ओळ काढून चेकसेटअप चालवलं की ते नवीन बनवतं. लॉगिन कुकीचं (ब्राउझरला दिलेल्या लॉगिनच्या खुणांचं) टेबल रिकामं केलं म्हणजे सगळे एकदम लॉगआउट. जुन्या एपीआय की रद्द. लोकांचे पासवर्ड डेटाबेसमधे सॉल्ट लावून (प्रत्येकात वेगळी अक्षरं मिसळून) एसएचए-२५६ ने विस्कटून ठेवलेले असतात, पण एकाच फेरीचे, आणि आजच्या ग्राफिक कार्डापुढे ते फार टिकत नाही, त्यामुळे सगळ्यांना नवीन पासवर्ड सक्तीचा. यावर पॅकहाऊसवाल्यांनी बोटं मोडली.

बगझिलाच्या आतल्या सेटिंगमधे लॉगिन सक्तीचं केलं, स्वतः खातं उघडणं बंद केलं, एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर ढकलणं चालू केलं. चुकीच्या पासवर्डसाठी वेगळं काही लावलं नाही, ५ वेळा चुकला की बगझिला स्वतःच त्या आयपीवरून ते खातं ३० मिनिटं अडवतं. एचटीटीपीएसमागच्या टीएलएसच्या १.२ आणि १.३ एवढ्याच आवृत्त्या ठेवल्या. सर्व्हरवर शिरायचं एसएसएच फक्त वायरगार्ड या व्हीपीएनमधून, आतल्या लोकांना व्हीपीएन चालतं.

जोडलेल्या फाईलींचा प्रश्न

यावर वेगळं बोलणं झालं. टेस्टर मंडळी एचटीएमएल रिपोर्ट जोडतात आणि तो डाउनलोड न करता तिथेच उघडावा म्हणून मॅडमनी ते सेटिंग चालू केलं होतं. सुरुवातीला ते बंद असतं आणि त्याला कारण आहे. जोडलेल्या एचटीएमएलमधे जावास्क्रिप्ट असेल तर ती बगझिलाच्याच पत्त्यावरून आली म्हणून ब्राउझर तिला बगझिलाचाच भाग समजतो, आणि उघडणाऱ्याच्या लॉगिनने ती काहीही करू शकते. ॲडमिनने उघडली की संपलं. बाहेरचे लोक बग टाकणार म्हटल्यावर हे चालणार नाही.

मॅडम सोय सोडायला तयार नव्हत्या, आणि त्यांची सोय चुकीची नव्हती. बगझिलात यासाठी जोडलेल्या फाईली वेगळ्या होस्टवरून द्यायचं सेटिंग आहे. सगळ्यात चांगलं म्हणजे प्रत्येक बगला वेगळा सबडोमेन, पण त्याला वाइल्डकार्ड (सगळ्या सबडोमेनना चालणारं) सर्टिफिकेट लागतं, लेट्स एनक्रिप्ट ते २०१८ पासून देतं पण डीएनएसमधे नोंद करून पडताळणी लागते, आणि यांच्या डोमेनवाल्याकडे ते आपोआप करायची सोय नव्हती. सर्टिफिकेटची मुदत ९० दिवस, दर वेळी हाताने नोंद कोण करणार. म्हणून सध्या फाईलींसाठी एकच वेगळा सबडोमेन. ते लावताना दिसलं की कुकी डोमेनच्या सेटिंगमधे कंपनीचं अख्खं डोमेन लिहिलेलं आहे, म्हणजे लॉगिनची कुकी नवीन सबडोमेनलाही गेली असती आणि सगळी मेहनत पाण्यात. ते रिकामं केलं.

निष्पत्ती

चौथ्या दिवशी बगझिला परत चालू झालं. चालू करायच्या आधी बगझिलाबरोबरच येणारी टेस्टसर्व्हर नावाची स्क्रिप्ट चालवली. ही स्क्रिप्ट एक चित्र मागून बघते, सीजीआय चालतंय का बघते आणि मग मुद्दाम लोकलकॉन्फिग मागते, मिळाली तर हा गंभीर सुरक्षेचा प्रश्न आहे असं स्पष्ट सांगते. पहिल्या स्थलांतराच्या दिवशी हीच स्क्रिप्ट त्याच फोल्डरमधे पडलेली होती.

त्यावर न थांबता डेव्हलपरने स्वतः एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. दोन याद्या आहेत, एक उघडायलाच पाहिजे अशा पत्त्यांची आणि एक उघडताच कामा नये अशांची, आणि ती ऑफिसच्या बाहेरच्या एका मशीनवरून रोज चालते. दुसऱ्या यादीत शेपटीवाली लोकलकॉन्फिग, पॅराम्स, डॉट-गिट फोल्डर, ॲडमिनर सगळं आहे. चूक निघाली की मॅडम आणि तो, दोघांच्या फोनवर मेसेज. नंतर कोणीतरी कॉन्फिगमधे हात घालताना एक अवतरणचिन्ह खाल्लं तेव्हा ती ओरडली, पण पहिल्या यादीवरून, म्हणजे साईट बंद पडली म्हणून. मला तेच हवं होतं.

लॉग आता १८० दिवस राहतात आणि रोज दुसऱ्या मशीनवर जातात. ऑडिटवाल्यांनी परत तपासलं, एचटीटीपी हेडरबद्दल किरकोळ शेरे मारले, बाकी पास. पेमेंटच्या याद्यांचे जुने स्क्रीनशॉट शोधून काढून टाकायला टीमला बरेच आठवडे लागले कारण ते हजारो बगमधे विखुरलेले आणि चित्रातलं नाव सर्चमधे येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

स्थलांतर करताना डेव्हलपरने फोल्डरमधल्या लपलेल्या फाईलींची यादी नुसती बघितली असती तरी डॉट-एचटीॲक्सेसची रांग दिसली असती. मी आता कुठलंही जुनं ॲप दुसऱ्या सर्व्हरवर न्यायचं असेल तर पहिलं काम तेच करतो, त्या फाईली शोधतो आणि प्रत्येक ओळ नवीन सर्व्हरवर कुठे उतरली ते लिहून ठेवतो. पीएचपीच्या बऱ्याच ॲपमधेही हाच प्रकार असतो.

नियम सर्व्हरच्या कॉन्फिगमधे आणल्याची किंमतही आहे. बगझिलाची पुढची आवृत्ती आली की तिच्या डॉट-एचटीॲक्सेसमधे काय बदललं ते वाचून आपल्या कॉन्फिगमधे हाताने उतरवावं लागेल. यांचं अजून ५.०.६ वर आहे, ५.२ सप्टेंबर २०२४ मधे आलं, पण अपग्रेड आणि दुरुस्ती एकाच दिवशी करायची नाही असं तेव्हा ठरवलं होतं आणि मला ते अजूनही बरोबर वाटतं. सीझन संपल्यावर करायचं आहे.

बगझिला वेगळ्या युजरखाली चालवणं राहिलंय. आजही अपाचे आणि बगझिला एकाच युजरचे आहेत, म्हणजे कॉन्फिगचा नियम हाच एकमेव अडसर. अपाचेच्या सुएक्झेक या सोयीने ते करता येतं, लोकलकॉन्फिगमधे त्यासाठी सेटिंगही आहे, पण फोल्डर कुठे असावं आणि परवानग्या कशा असाव्यात याचे नियम कडक आहेत आणि ऐन फेब्रुवारीत मी तो घाट घातला नाही. डोमेन दुसरीकडे हलवलं की प्रत्येक बगला वेगळा सबडोमेन पण तेव्हाच करू, ही दोन्ही कामं मे महिन्याच्या यादीत टाकलीत.

आणि शेतकऱ्यांच्या याद्यांचं म्हणाल तर त्याला सर्व्हरमधे उत्तर नाही. मॅडमनी टेस्टिंगसाठी खोटी नावं आणि खोटे खाते नंबर असलेला एक डेटाबेस बनवून घेतला, पण पॅकहाऊसवरून येणारा फोटो खऱ्या स्क्रीनचाच असतो. आता बग टाकायच्या पानावर वर लाल अक्षरात लिहिलंय की खाते नंबर झाकून फोटो टाका. निम्मे लोक झाकतात. बाकीच्यांचे मॅडम स्वतः काढून झाकून परत जोडतात.